आत्याचा लंडनचा चहा

आमच्या घरात चहाचे दोन डबे असायचे. एक स्टीलचा, रोजचा. त्यातला चहा कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटा यायचा. दुकानदार चवीसाठी ममरी आणि रंगासाठी थोडी डस्ट कागदावर एकत्र करून पाव किलोची पुडी बांधून द्यायचा. दुसरा डबा पत्र्याचा, हिरवा-सोनेरी, काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर. त्याला आम्ही ‘लंडनचा चहा’ म्हणायचो.

तो आत्या आणायची. आत्या लग्न होऊन लेस्टरला गेली आणि तिथे मोज्यांच्या कारखान्यात कामाला लागली. दर दोन-तीन वर्षांनी ती यायची तेव्हा बॅगेतून चॉकलेटं, साबण आणि तो डबा निघायचा. खास पाहुणे आले की आई त्यातले दोन चमचे काढायची, आलं, साखर, दूध घालून खळाखळा उकळायची आणि मग सगळे कपात बघत बसायचे. रंगच यायचा नाही. ‘फिका आहे,’ बाबा म्हणायचे, ‘पण चहा लंडनचा आहे.’

सहावीत असताना मी तो डबा उलटा करून वाचला. पुढे मोठ्या अक्षरात ‘दार्जिलिंग’. तळाशी बारीक अक्षरात ‘इंग्लंडमध्ये पॅक केलेला’. बाबांना दाखवल्यावर ते हसले. ‘म्हणजे आपलाच चहा. फक्त फॉरेनला जाऊन आलाय.’

या वर्षी आत्याचा फोन आला. ती आता थकली आहे, भारतात येणं होत नाही. तिच्या नेहमीच्या चहाचं दुकान बंद झालं. ‘तुमच्याकडे मिळत असेल ना गं? तिकडूनच घेऊन पाठव की.’

मी फोनवर दोन पानं उघडली. एक लंडनच्या विक्रेत्याचं, दुसरं थेट दार्जिलिंगच्या मळ्याचं. मळा तोच, वसंतातली पहिली तोड तीच. लंडनमध्ये १०० ग्रॅमला १५ पौंड, मळ्याकडे ७०० रुपये. पण इथून लेस्टरचं कुरियर चहापेक्षा महाग. शेवटी हिशोब जवळपास सारखाच येत होता. मग घ्यायचा कुणाकडून? या प्रश्नाने मला भलतीकडेच नेलं, थेट १८३९ सालात.

१० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये आसामच्या चहाच्या आठ पेट्यांचा लिलाव झाला. भारतात तयार झालेला चहा पहिल्यांदाच बाजारात येत होता, आणि तो बाजार कोलकात्यात किंवा गुवाहाटीत नव्हता. पिडिंग नावाच्या एका कॅप्टनने आठही पेट्या उचलल्या, पौंडाला १६ ते ३४ शिलिंग असा नवलाईचा भाव देऊन. त्याच वर्षी लंडनमध्ये आसाम कंपनी स्थापन झाली.

त्याआधी इंग्रज पीत होते तो चहा चिनी. त्याचे पैसे चांदीत मोजणं परवडेना, म्हणून चीनमध्ये अफू विकायची आणि त्या पैशातून चहा घ्यायचा, अशी सोय त्यांनी लावली. यातली माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जायची. ज्यांच्या नावाचं जे.जे. हॉस्पिटल आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापूस आणि अफूच्या याच चीन व्यापारातली. म्हणजे मुंबईकराने चहाचा पहिला घोट घेण्याच्या कितीतरी आधी मुंबई लंडनच्या चहाची किंमत चुकवत होती.

१८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातली मक्तेदारी गेली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल बेंटिंकने भारतात चहा पिकवता येईल का हे पाहायला समिती नेमली. गंमत म्हणजे आसामात चहाची झाडं होतीच. तिथले सिंगफो लोक तो पूर्वीपासून पीत होते. दार्जिलिंगची गोष्ट उलटी. तिथे १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेलने आपल्या बंगल्याच्या आवारात बी लावलं ते चिनी वाणाचं. आज आपण ज्याला सगळ्यात अस्सल भारतीय चहा मानतो, त्याचं कूळ परदेशी.

मणिराम देवान यांचं नाव मी शाळेच्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते आसाम कंपनीचे दिवाण होते. ती नोकरी सोडून त्यांनी स्वतःचे चहाचे मळे उभे केले. असं करणारे ते पहिले भारतीय. १८५७ च्या उठावात सामील झाल्याच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना फेब्रुवारी १८५८ मध्ये जोरहाटला फाशी दिलं. त्यांचे मळे लिलावात निघाले.

लिलाव हा शब्द या गोष्टीत सारखा येतो, कारण चहाची सगळी सत्ता तिथे असते. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चहाचा पहिला लिलाव केला १६७९ मध्ये. पुढे हा बाजार मिन्सिंग लेन या गल्लीत स्थिरावला. जगभरचा चहा तिथे यायचा. चाखणारे तज्ज्ञ रांगेने मांडलेल्या वाट्यांतून एकेक घोट घेत, तोंडात घोळवून थुंकत आणि भाव सांगत. मग वीस-तीस मळ्यांचा चहा एकत्र करून, कधीही बदलणार नाही अशी चव बांधून, कंपनी त्यावर स्वतःचं नाव छापायची. पिकवणारा कोण हे त्या मिश्रणात विरघळून जायचं. आमचा कोपऱ्यावरचा दुकानदार कागदावर करायचा तेच हे काम. त्याच्याकडे फक्त सोनेरी डबा नव्हता.

इंग्रज गिऱ्हाईक चिनी चहाकडून भारतीय चहाकडे वळलं तेही सहज नव्हे. रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पतीतज्ज्ञ १८४८ मध्ये चहाची रोपं आणि बी चोरून आणायला वेष पालटून चीनमध्ये फिरत होता. परदेशी गिऱ्हाइकाला हिरवा चहा जास्त हिरवा दिसावा म्हणून त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळताना त्याने पाहिलं. ही माहिती विक्रेत्यांच्या फार कामी आली. चिनी चहा हातांनी मळलेला, भेसळीचा. भारतातला आपल्याच साम्राज्याचा, यंत्रावर वळलेला, स्वच्छ. अशा जाहिराती वर्षानुवर्षं चालल्या आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये चिनी चहापेक्षा भारतीय उपखंडातला चहा जास्त खपू लागला. लंडनच्या माणसासाठी आता आसाम ‘घरचा’ झाला होता आणि चीन ‘परका’.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली. नंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून बहिष्काराची भाषा झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा आसामचा की चीनचा हे कुणी विचारलं नाही. तो कुणाच्या हातचा, एवढाच सवाल होता.

तोवर भारतात चहा पिणारे फार थोडे होते. कोलकात्यात १८६१ पासून लिलाव होत होते, पण माल जायचा तो बाहेरच. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. मग १९३० च्या आसपास जगात मंदी आली, भाव कोसळले. १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांनी निर्यातीवर मर्यादा घालायचा करार केला. बाहेर न जाणारा चहा कुणाला तरी पाजायला हवा होता. मग आपली आठवण झाली. रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांमध्ये, बाजारांत चहाचे ठेले लागले, फुकट कप वाटले गेले, चहा कसा करायचा हे सांगणारे एनॅमलचे फलक लागले.

याच दशकात आसामच्या आमगुरी मळ्यात सीटीसी यंत्र आलं. ते पान चिरडतं, फाडतं आणि त्याच्या गोळ्या वळतं. या दाण्याला रंग झटकन सुटतो, थोड्या चहात जास्त कप होतात आणि दूध-साखर-आल्यापुढे तो हार मानत नाही. आपली ममरी ती हीच. आत्याचा दार्जिलिंग अख्ख्या पानाचा. त्यावर गरम पाणी ओतून तीन मिनिटं झाकून ठेवायचं असतं. आमच्या आईने तो वीस वर्षं उकळला.

स्वातंत्र्यानंतर टी बोर्ड आलं, मळे हळूहळू भारतीय मालकांकडे आले. लंडनचा लिलाव मात्र चालूच होता. तो संपला २९ जून १९९८ रोजी. आता भारतीय चहाचे सौदे इथेच होतात आणि देशात पिकणाऱ्या चहापैकी साधारण ८० टक्के आपणच पितो. उरलेल्यातला उत्तम माल अजूनही बाहेर जातो आणि दार्जिलिंगची पहिली तोड त्यात सगळ्यात आधी. युरोपातल्या पेढ्या वसंतात ती विमानाने मागवतात. २००४ मध्ये दार्जिलिंगला भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. नोंद असलेल्या ८७ मळ्यांच्या बाहेरचं पान त्या नावाने विकायचं नाही, असा त्याचा अर्थ. नाव जपायला कायदा लागला, कारण पैसा नावातच आहे.

आणि पान खुडणारीचं काय? २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या चहामळ्यांतली रोजची मजुरी वाढून २५० रुपये झाली. लंडनच्या पानावरच्या १५ पौंडांत तिची सहा दिवसांची मजुरी बसते. इथल्या ७०० रुपयांतही तिचा वाटा फार मोठा नसणार, हे मला कळतं. मळ्याकडून थेट घेतलं की न्याय होतो, असा माझा गैरसमज नाही. पण मळ्याच्या पानावर तोडीची तारीख होती, मळ्याची उंची होती. पैसे निदान त्या डोंगराच्या जवळ राहणार होते. पुढचा प्रश्न मजुरीचा, आणि तो विचारायचा तर इथेच विचारता येतो.

मी मळ्याकडून २०० ग्रॅम मागवला. कुरियरच्या भानगडीत न पडता शेजारच्या काकूंच्या नॉटिंगहॅमला शिकणाऱ्या मुलाच्या बॅगेत टाकला. त्याने तो लेस्टरला नेऊन दिला.

परवा आत्याचा फोन आला. चहा आवडला होता. बोलता बोलता मी विचारलं, ‘आत्या, तू आणायचीस तो डबा तेव्हा केवढ्याला होता गं?’

‘किंमत कशाला लक्षात राहतेय,’ ती म्हणाली. ‘शनिवारी ओव्हरटाइम केला की एक डबा यायचा. तुमच्यासाठी म्हणून चांगल्यातला घ्यायचे. आम्ही घरी साधाच प्यायचो.’

मला पटकन काही बोलता येईना. आम्ही तिचा तो शनिवार आलं घालून उकळला होता आणि वर फिका म्हणालो होतो.

‘चहा छान आहे,’ आत्या म्हणाली. ‘पण प्लॅस्टिकच्या पिशवीत काय पाठवलास? माझा एक हिरवा डबा असेल बघ तुमच्याकडे. पुढच्या वेळी त्यात भरून पाठव.’

डबा अजून आहे. त्यात आई मेथीदाणे ठेवते. धुऊन उन्हात ठेवलाय, वास जायला चार दिवस लागतील.