पीएच.डी. आणि प्राध्यापकपद : पात्रतेच्या बदलत्या नियमांचा इतिहास

प्रस्तावना

पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागल्यानंतर काही विद्यार्थी दरवर्षी आपल्या शिक्षकांना विचारतात, 'पीएच.डी.साठी नोंदणी करावी का?' या प्रश्नात बहुधा दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. ही पदवी मिळवल्यास महाविद्यालयात नोकरी मिळेल काय, हा तो प्रश्न होय. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पीएच.डी. करणाऱ्यांची संख्या २०१४-१५ मध्ये १.१७ लाख होती. ती २०२१-२२ मध्ये २.१३ लाखांवर गेली. म्हणजे हा प्रश्न विचारणारे वाढत आहेत. त्याचे उत्तर मात्र आपण सवयीने देतो. प्रस्तुत लेखात पीएच.डी. ही पदवी आणि अध्यापकाचे पद यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास, विशेषतः १९९१ नंतरचा, थोडक्यात तपासला आहे व त्यावरून या प्रश्नाचा विचार कसा करावा हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पदवी व पद : पूर्वेतिहास

संशोधन हे विद्यापीठाचे मुख्य कार्य होय, ही कल्पना १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने रूढ केली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिली पीएच.डी. दिली. इंग्लंडने मात्र ही पदवी उशिरा स्वीकारली; ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये मान्य केली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून स्थापन झाले. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापन व संशोधन यांची वाट मोकळी केली. साहजिकच आपल्याकडे दीर्घकाळपर्यंत पीएच.डी. ही अध्यापकाच्या नेमणुकीची अट नव्हती.

महाराष्ट्रातील ज्ञानव्यवहाराचा त्या काळातील इतिहास या दृष्टीने बोलका आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. त्यांच्यापाशी ना ही पदवी होती, ना विद्यापीठाचे पद. पां. वा. काणे यांनी वकिली सांभाळून १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना रीतसर १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे येथे पद आधी आले व पदवी नंतर. त्यांच्या अर्थशास्त्रीय संशोधनाचा उपयोगही वर्गापुरता राहिला नाही. चलनविषयक शाही आयोगापुढे १९२५ मध्ये त्यांनी दिलेली साक्ष त्याच अभ्यासावर उभी होती. याउलट गो. स. घुर्ये यांनी १९२२ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली व १९२४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात दाखल झाले. पदवीकडून पदाकडे जाणारा हा मार्गही होता. परंतु तो अनेक मार्गांपैकी एक होता.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. राजवाडे किंवा काणे यांची उदाहरणे देऊन 'पदाची चिंता न करता संशोधन करा' असा उपदेश आजच्या विद्यार्थ्याला करणे योग्य नव्हे. या उदाहरणांवरून एवढेच सिद्ध होते की, पदवी व पद यांची सांगड नैसर्गिक नाही. ती विशिष्ट काळात, विशिष्ट नियमांनी घातली गेली आहे.

१९९१ नंतरचे विनियम

ही सांगड घालण्याचे काम मुख्यतः विद्यापीठ अनुदान आयोगाने केले. आयोगाला १९५६ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांच्या निवडीसाठी समान पात्रता परीक्षेची कल्पना पुढे आली. पहिली राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे 'नेट', डिसेंबर १९८९ व मार्च १९९० अशा दोन भागांत झाली. १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी तिला अध्यापकपदाच्या पात्रतेत स्थान दिले. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठामार्फत १९९५ पासून राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे 'सेट', सुरू झाली.

यानंतर प्रश्न निर्माण झाला तो पीएच.डी.धारकांना नेटमधून सूट द्यावी की नाही याचा. २००० च्या विनियमांनी ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत प्रबंध सादर करणाऱ्यांना सूट दिली. २००२ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २००२ पर्यंत वाढवली. २००६ मध्ये सर्वच पीएच.डी.धारकांना सूट मिळाली, एम.फिल.धारकांनाही पदवी स्तरावरील अध्यापनापुरती ती मिळाली. जुलै २००९ मध्ये ही सवलत आकुंचित करण्यात आली. त्या वर्षीच्या किमान मानकांनुसार मिळालेल्या पीएच.डी.लाच सूट राहील, असे ठरले. १६ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दुरुस्ती करून ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी केलेल्यांना काही अटींवर सूट दिली. जुलै २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य केली. कोविडमुळे ही तारीख १ जुलै २०२३ अशी पुढे ढकलण्यात आली आणि नेमकी ती उजाडताच अनिवार्यता काढून घेण्यात आली. आता नेट किंवा सेट ही किमान पात्रता असून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. ऐच्छिक आहे. दरम्यान, २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली.

या इतिहासाचा अर्थ विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. २००६ च्या सवलतीवर विसंबून २००७ मध्ये जुन्या पद्धतीने नोंदणी केलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करू. प्रबंध २०१२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा सवलत गेलेली होती. २०१५ मध्ये न्यायालयातील आशा संपली. २०१६ मध्ये सशर्त दिलासा मिळाला. नोंदणीपासून नऊ वर्षे गेली होती आणि या काळात त्याच्या प्रबंधाचा दर्जा तसूभरही बदललेला नव्हता. २०१८ मध्ये 'आता पीएच.डी.शिवाय गत्यंतर नाही' असे समजून नोंदणी करणाऱ्याची स्थिती याच्या उलट झाली. प्रबंध पूर्ण होईपर्यंत ती अटच उरली नाही. प्रबंधाला किमान तीन व सामान्यतः पाच-सहा वर्षे लागतात. गेल्या तीन दशकांत पात्रतेचा कोणताही नियम त्याहून फार काळ स्थिर राहिलेला नाही. म्हणून आजचा नियम पाहून नोंदणी करणे म्हणजे तो नियम आपल्या प्रबंधाइतका टिकेल, असे गृहीत धरणे होय.

पदांचा प्रश्न

पात्रता मिळाली तरी पद असावे लागते. महाराष्ट्रात १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नियुक्त झालेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांचा प्रश्न २०१३ च्या परीक्षा बहिष्कारापर्यंत धुमसत राहिला. मे २०१७ मध्ये राज्यात पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता मिळाली; कोविडकाळात ही प्रक्रिया थांबली आणि उर्वरित २,०८८ पदांना नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. या काळात वर्ग बंद पडले नाहीत. ते तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी चालवले.

यामागे साधे गणितही आहे. विद्यमान नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. संपूर्ण सेवाकाळात एखाद्या मार्गदर्शकाने आठच जणांना पदवी मिळवून दिली असे मानले, तरी त्याच्या निवृत्तीने रिकामे होणारे पद एकच असते. शिक्षणाचा विस्तार होत होता तोवर ही तफावत झाकली गेली. भरती थांबताच ती उघडी पडली.

निर्णयाचे निकष

यावरून पीएच.डी. करू नये, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जो आधीच सेवेत आहे, त्याच्यासाठी या पदवीचे मूल्य निश्चित आहे. सहयोगी प्राध्यापक व प्राचार्य या पदांसाठी ती आवश्यक आहे. जो सेवेत नाही, त्याने तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, नेट किंवा सेट उत्तीर्ण आहे काय? नियमांच्या सर्व हेलकाव्यांत टिकून राहिलेली पात्रता तीच आहे. दुसरी, संशोधनाच्या वर्षांत उदरनिर्वाहाचे साधन कोणते? कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्यातील संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. यांपैकी काहीच नसेल, तर संशोधनाचा खर्च कुटुंब उचलत असते आणि पहिल्या पिढीच्या शिक्षितांना तो परवडत नाही. तिसरी, पद मिळाले नाही तरी हा विषय अभ्यासावासा वाटेल काय? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिली दोन उत्तरे अनुकूल असूनही नोंदणी टाळणे हिताचे.

समारोप

या प्रश्नात आपण अध्यापक तटस्थ नाही. २०१० च्या विनियमांतील गुणांकन पद्धतीत एका पीएच.डी.च्या मार्गदर्शनासाठी दहा गुण होते. विद्यार्थ्याने नोंदणी केली तर मार्गदर्शकाचा लाभ होतो. पद न मिळाल्यास हानी मात्र विद्यार्थ्याला एकट्याला सोसावी लागते. म्हणूनच नोंदणीच्या अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वी आपल्या विषयात गेल्या दहा वर्षांत किती पदे भरली गेली व आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जण आज पूर्णवेळ सेवेत आहेत, हे दोन आकडे मार्गदर्शकाने विद्यार्थ्यासमोर ठेवले पाहिजेत. ही माहिती प्रत्येक विभागाला सहज गोळा करता येईल. ती पाहूनही जो विद्यार्थी संशोधनाकडे वळेल, त्याला मार्गदर्शन करताना आपल्यालाही खोटा भरवसा द्यावा लागणार नाही.