मोजमाप चोख ठेवणारी बाई



जून लागला की आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्याआधी पावसाचाच विषय निघतो. शेजारच्या शिवारात कोसळला, आपल्याकडे नुसते शिंतोडे! पण फळबागेच्या हवामान विम्यात आपलं सांगणं चालत नाही, केंद्रावर मोजलेला आकडा चालतो. म्हणून आज आम्ही सांगणार आहोत, हे मोजमाप देशात चोख करणाऱ्या ॲना मणी यांची गोष्ट.

जन्म २३ ऑगस्ट १९१८, आजच्या केरळातल्या पीरमेडचा. वडील इंजिनियर, घरचे वेलदोड्याचे मळे. मुलीला आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या द्यायची घरची रीत. ॲनाने कुड्या नको म्हटलं आणि ज्ञानकोशाचे खंड मागितले.

पुढे हिरे हातात आले, पण अभ्यासासाठी. मद्रासला १९३९ साली पदवी घेऊन त्या बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हिरे-माणकांवर पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ साली पीएच.डी.चा प्रबंध दिला, तर एम.एस्सी. केलेली नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. काम पुरं होतं, कागद कमी पडला. आपल्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे!

त्या रडत बसल्या नाहीत. शिष्यवृत्ती हवामानाच्या उपकरणांसाठी मिळत होती, तीच घेऊन इंग्लंडला गेल्या. १९४८ साली परतल्या त्या आपल्या पुण्यात, हवामान खात्यात. तेव्हा साधी उपकरणंही विलायतेहून यायची. ॲनाताईंनी सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे पक्के केले आणि ती इथंच बनवायला लावली. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या, हाताखाली १२१ पुरुष! चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, हा त्यांचा दंडक होता.

ऊन किती पडतं हे मोजायला त्यांनी देशभर केंद्रं उभारली. १९७६ साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, तरी थांबल्या नाहीत. भारतातल्या उन्हाच्या नोंदींचं जाडजूड पुस्तक १९८० साली काढलं. पवनचक्क्या कुठं चालतील हे कळावं म्हणून वाऱ्याच्या नोंदी गोळा केल्या. १६ ऑगस्ट २००१ रोजी त्या गेल्या. पीएच.डी. शेवटपर्यंत मिळाली नव्हती.

मैत्रिणींनो, गटाच्या वहीत एक रुपया चुकला तर आपण रात्री झोपत नाही. मग पावसाची वही का नको? सरळ उभ्या काठाचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा भिंतीला लागून नको. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, तारीख घालून लिहा आणि डबा रिकामा करा. विम्याला ही वही चालणार नाही, हे खरं. पण केंद्रावरचा आकडा आणि आपल्या शिवारातला पाऊस यात फरक पडला, तर ग्रामसभेत बोलायला आपल्या हाती काहीतरी असेल.

आम्ही या पावसाळ्यात सुरुवात करतोय. तुम्हीही करा.