हेगच्या न्यायालयात मराठी सनदा : एक दृष्टिक्षेप

दादरा व नगरहवेली १९५४ मध्ये पोर्तुगीज अमलातून मुक्त झाल्यानंतर, दमणहून तेथे जाण्यायेण्याचा हक्क भारत नाकारतो, असा दावा पोर्तुगालने १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केला. त्यास आधार होता १७७९ चा पेशवे-पोर्तुगीज तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. मराठ्यांनी दिले ते सार्वभौमत्व, की बारा हजार रुपये वसुलाची गावे, हा कळीचा प्रश्न होता.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने ही देणगी केवळ जहागीर वा सरंजाम ठरविली. सरंजाम म्हणजे महसुलाचा उपभोग. भूमीवरील राज्य नव्हे. तथापि, पुढे ब्रिटिशांनी व भारतानेही पोर्तुगीज सत्ता व्यवहारतः मान्य केल्याचे न्यायालयाने नोंदविले. त्यामुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांचा मार्गहक्क मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांचा नाही. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असाही निर्णय झाला.

दप्तरातील एका पारिभाषिक शब्दावर दोन राष्ट्रांचा वाद तोलला गेला. मात्र कागदाचा मूळ अर्थ सिद्ध झाला तरी पुढील दीर्घ व्यवहार त्याहून प्रभावी ठरू शकतो, हा या खटल्याचा बोध इतिहास व कायदा या दोहोंच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावयास हवा.