नाव राजाचे, लेखणी कोणाची?



जुनी पुस्तके जमवणे हा श्रीमंतांचा शौक, अशीच माझी समजूत होती. कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाने त्यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण 'आयकॉन बॅसिलिकी', म्हणजे 'राजाची प्रतिमा', या ग्रंथाची हकीकत वाचली आणि त्यात मला आमच्याच घरचा प्रश्न दिसला : काम कोणाचे आणि नाव कोणाचे?

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमध्ये पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. त्याच सुमारास त्याच्या नावाने हा ग्रंथ बाहेर पडला. राजाचे आत्मनिवेदन वाचून लोक गहिवरले. वर्षभरात इंग्लंडात तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. हाती काटेरी मुकुट घेऊन गुडघे टेकलेला राजा, हे विल्यम मार्शलचे चित्र त्यासाठी पुन्हा पुन्हा कोरावे लागले. सरकारच्या वतीने कवी मिल्टनने त्याच वर्षी खंडन लिहिले. पण लोकांच्या मनातली मूर्ती काही भंगली नाही.

पुढे दुसरा चार्ल्स गादीवर आला. मुंबई बेट ज्याला आंदण मिळाले, तोच हा. १६६१ साली जॉन गॉडन या बिशपने दरबारी कळवले की, ग्रंथ माझा आहे, त्याचे चीज व्हावे. आमच्या भाषेत, थकलेली मजुरी द्या! १६६२ साली त्याला वूस्टरची बिशपगादी मिळाली आणि त्याच वर्षी तो वारला.

१६८६ साली अर्ल ऑफ अँगल्सीचा ग्रंथसंग्रह लिलावात निघाला. त्यातल्या या ग्रंथाच्या प्रतीत त्याच्या हातचे टिपण सापडले : हा ग्रंथ राजाचा नव्हे, गॉडनचा, असे राजाच्या दोन्ही मुलांनी आपल्याला सांगितले. १६९० साली ते टिपण छापले गेले आणि वाद पेटला. १९५० साली फ्रान्सिस मदान यांनी या ग्रंथाच्या आवृत्त्यांची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली. राजाच्या कागदांवरून गॉडनने ग्रंथ सिद्ध केला, असेच आज बहुतेक अभ्यासक मानतात.

मीही रात्री जागून अध्यक्षांची भाषणे लिहिली आहेत. टाळ्या त्यांना पडल्या. मला काहीच वाटले नाही, असे म्हणणे खोटे होईल. म्हणून सांगतो, जुने पुस्तक हाती आले तर कोऱ्या, स्वच्छ प्रतीचाच हट्ट धरू नका. समासात कोणी काही खरडले असेल, तर ते आधी वाचा. मुखपृष्ठावर नाव राजाचे असते; खऱ्या कष्टकऱ्याची साक्ष कधी कधी त्या खरडलेल्या ओळीतच उरलेली असते.