इंटरनेटची वेस आणि प्रवाशाचा राउटर

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता भिगवण मागें टाकून इंदापूरच्या दिशेनें धांवूं लागला, कीं वाटेंत लोणी देवकर लागतें. उजनीच्या जलाशयाचा शेजार आणि ऊंसाचा मुलूख. त्यांतच आतां औद्योगिक वसाहत उभी आहे. समजा, एखादा अभियंता तेथील कारखान्यांत यंत्र बसविण्यासाठीं आठ दिवसांकरितां आला आणि महामार्गावरील एका निवासगृहांत उतरला. खोलींत वायफाय आहे. मोबाईल त्यास जोडतांच पडद्यावर एक पान उघडतें: नांव लिहा, मोबाईलचा क्रमांक द्या, आलेला ओटीपी भरा. हा विधि उरकल्यावांचून पुढचें जग दिसत नाहीं. मोबाईलचें भागतें, परंतु बरोबर आणलेल्या लहानशा प्रिंटरला तें पान कोठें वाचतां येतें? तेव्हां अभियंता पिशवींतून तळहाताएवढा राउटर बाहेर काढतो, तो एकट्यालाच त्या वायफायशीं जोडतो, त्याच्याआडून प्रवेशपान एकदां भरतो, आणि मोबाईल, संगणक, प्रिंटर सारे राउटरच्या पाठोपाठ आंत शिरतात.

हा तोडगा आजचा वाटला, तरी त्याच्या मागें तीस वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासाचा एक दुःखद अध्याय महाराष्ट्रांतच लिहिला गेला.

जुन्या गांवांना वेस असे. रात्रीं ती बंद झाली म्हणजे परक्याला नांवगांव सांगावें लागे. गडावर तर परवलीचा शब्द सांगितल्याखेरीज दिंडी उघडत नसे. संगणकाच्या मराठींत पासवर्डला हाच शब्द मिळाला, हें किती समर्पक झालें! विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं भारतांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां ही वेस टेलिफोनच्या तारेवर होती. मोडेम निगमाचा क्रमांक फिरवी, पलीकडून नांव व परवलीचा शब्द विचारला जाई, आणि घरांतील एक संगणक आंत जाई. दुसऱ्याला जावयाचें तर पहिल्यानें बाहेर यावें लागे. माणूस, यंत्र आणि तार ह्यांची गांठ अशी एकास एक होती. आंत कोण गेलें हा प्रश्न तेव्हां फारसा पडतच नसे.

ही गांठ सोडविणारी युक्ति त्याच्या आधींच कागदावर उतरली होती. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता लागतो, आणि त्या काळच्या पद्धतींत असे पत्ते ४,२९,४९,६७,२९६ हून अधिक होऊंच शकत नव्हते. पृथ्वीवरील माणसांनाहि ते पुरते ना. मे १९९४ मध्यें एगेवांग व फ्रान्सिस ह्या दोघांनीं एक टिपण प्रसिद्ध करून सुचविलें, कीं घरांतील यंत्रांना घरापुरते पत्ते द्यावे आणि वेशीवर त्यांची अदलाबदल करावी. ह्याच कल्पनेचा पुढें विकास होऊन सारें घर एकाच बाह्य पत्त्यावर नांदूं लागलें. पुण्याच्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें असावीं, सर्वांचें टपाल वाड्याच्या एकाच नांवावर यावें, आणि दिंडीवरील माणसानें वहींत पाहून ज्याचें त्याला पोंचतें करावें, तसाच हा प्रकार. घरोघरचा राउटर आज हेंच काम करीत असतो. बाहेरून पाहणाराला वाडा दिसतो, बिऱ्हाडें दिसत नाहींत.

वायफायचें पहिलें प्रमाण १९९७ सालीं ठरलें, आणि पुढील पांचसात वर्षांत निवासगृहांतून, विमानतळांवरून, कॉफीगृहांतून तारेवांचून इंटरनेट मिळूं लागलें. तार गेली, तशी तारेवरची वेसहि गेली. म्हणून नवी उभारावी लागली. तेंच हें प्रवेशपान. त्याची रीत साधी होती. पाहुण्याचें यंत्र कोणत्याहि संकेतस्थळाचें नांव घेऊन निघालें, कीं वेशीवरील रखवालदार तें पत्र अडवी आणि उत्तरादाखल आपलेंच पान त्याच्या हातीं देई. पान भरलें, कीं यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या अंगावर कोरलेला बारा अक्षरांचा क्रमांक, यादींत टिपून त्याला वाट मोकळी करून दिली जाई. येथेंच मेख आहे. रखवालदार विचारतो माणसाचें नांव, पण ओळखतो यंत्राला. आणि तें यंत्र जर राउटर असेल, तर त्याच्या पाठीशीं एक जण आहे कीं दहा, हें पुसण्याची सोय त्याच्या यादींत नाहीं.

हें अज्ञान केवढें महाग पडतें, तें २००८ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं २६ जुलैस अहमदाबादेंत स्फोटांची मालिका झाली. तत्पूर्वीं कांहीं मिनिटें वृत्तसंस्थांकडे एक धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईंत सानपाड्याच्या एका घरीं पोंचले. पत्ता बिनचूक होता. परंतु तो वाड्याचा पत्ता होता, माणसाचा नव्हे. त्या घरच्या वायफायला परवलीचा शब्द नव्हता, आणि जवळपास उभें राहून कोणीहि तें वापरावें अशी स्थिति होती. घरचा माणूस मात्र संशयाच्या फेऱ्यांत सांपडला. पुढें ऑगस्टमध्यें माटुंग्यांतील एका महाविद्यालयाच्या व सप्टेंबरमध्यें चेंबुरांतील एका कंपनीच्या वायफायवरून असेच ई-मेल निघाले, तेव्हां कोठें ह्या कारस्थानाची तऱ्हा सर्वांच्या ध्यानांत आली. उघडें दार ठेवणें हें शेजारधर्माचें लक्षण मानणाऱ्या समाजाला ही गोष्ट पचावयास कठीण होती.

फेब्रुवारी २००९ मध्यें केंद्रीय दूरसंचार खात्यानें इंटरनेट पुरविणाऱ्यांना आज्ञा दिली, कीं सार्वजनिक वायफायवर प्रत्येक ग्राहकाची ओळख पटवावी. एक तर छायाचित्रासह ओळखपत्राची प्रत घ्यावी, नाहीं तर मोबाईलवर परवलीचा शब्द धाडून तो क्रमांक वर्षभर जपून ठेवावा. आज ठिकठिकाणीं विचारला जाणारा ओटीपी ह्या आज्ञेचा वारस आहे. जानेवारी २०१६ मध्यें गूगल व रेलटेल ह्यांनीं मुंबई सेंट्रल स्थानकावर फुकट वायफाय सुरू केलें, तेंहि मोबाईल क्रमांक घेऊनच. गूगलनें २०२० सालीं अंग काढून घेतल्यावर रेलटेलनें तें काम पुढें चालविलें. त्याच वर्षीं ९ डिसेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळानें पीएम-वाणी योजना मंजूर केली. तींत किराणा दुकानदारालाहि परवान्यावांचून वायफाय विकतां येतें. ग्राहकाची ओळख पटविण्याचें काम मात्र दुकानदाराकडे ठेवलेलें नाहीं, हें शहाणपणाचें झालें.

इकडे रखवालदाराची जुनी रीतहि लंगडी पडत चालली होती. संकेतस्थळें मोहोरबंद लखोट्यांतून बोलूं लागलीं, तेव्हां मधल्यामध्यें पत्र अडवून दुसरेंच देणें म्हणजे लबाडी ठरूं लागली, आणि ब्राउझर त्यावर धोक्याची सूचना देऊं लागला. अनेकांना प्रवेशपान उघडतच नाहीं असा अनुभव येतो, त्याचें एक कारण हें. सप्टेंबर २०२० मध्यें ठरलेल्या प्रमाणानुसार, जाळें आपल्या प्रवेशपानाचा पत्ता यंत्राला जोडणीच्या वेळींच कळवूं शकतें. शिवाय १० व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड व १४ व्या आवृत्तीपासून आयफोन प्रत्येक जाळ्यापुढें निराळा, बनावट मॅक पत्ता ठेवूं लागले. ज्या खुणेवर यादी उभी, ती खूणच अशी डळमळीत झाली.

आतां लोणी देवकरच्या त्या खोलींतला राउटर न्याय्य कीं अन्याय्य? निवासगृहानें यंत्रांची संख्या बांधून दिली असेल आणि पाहुण्यानें ती अट मान्य केली असेल, तर तिला बगल देणें ही चलाखी नव्हे, वचनभंग होय. तशी अट नसेल, तर भाड्यानें घेतलेल्या खोलींत स्वतःचा दिवा लावण्याइतकेंच तें निर्दोष आहे. उलट इतर पाहुण्यांच्या यंत्रांपासून आपलीं यंत्रें आडोशाला राहतात, हा लाभच. मात्र आडोसा तेवढाच. निवासगृहाचें वायफाय परवलीवांचून असेल, तर राउटरपासून भिंतीवरील यंत्रापर्यंतचा टप्पा उघड्या हवेंतूनच जातो, आणि तेथें मोहोरबंद लखोटाच काय तो उपयोगी.

आणि त्या राउटरला परवलीचा शब्द अवश्य हवा. शेजारच्या खोलींतील कोणी त्याच्या आडून कांहीं भलतेंच केलें, तर वेशीवरील वहींत एकच यंत्र आणि एकच मोबाईल क्रमांक सांपडेल, आणि तो क्रमांक अभियंत्याचा असेल.