मैदानाचा धनी कोण?

विजापूरची मुलूखमैदान तोफ आपल्याला नावाने माहीत असते. गडगडाटी भाषण करणाऱ्या वक्त्यालाही आपण हेच नाव देतो. ही तोफ मुळात नगरची, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. निजामशाहीच्या काळात, १५४९ साली, मुहम्मद रूमी नावाच्या कारागिराने ती अहमदनगरात ओतली. पुढे परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते. मूळ नाव ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे मैदानाचा धनी.

नाव अगदी नेमके आहे. तोफेचा मारा जिथवर पोहोचतो तिथवरचे मैदान तिच्या मालकीचे. तेथे घर बांधायचे नाही, झाड वाढू द्यायचे नाही, भिंत उभी करायची नाही. तोफा गेल्या तरी त्यांनी मोकळी करून घेतलेली जमीन मागे राहते. नगर शहर (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) आणि त्याच्या पूर्वेचे भिंगार यांच्यामध्ये अशी जमीन पसरलेली आहे. नगरच्या जुन्या वस्तीतून भिंगारकडे निघाले की दाटीवाटीची घरे एकाएकी संपतात. भुईकोट किल्ला, त्याचा खंदक, लष्करी हद्दीच्या भिंती आणि कुंपणे मागे टाकल्यावरच भिंगारची वस्ती लागते. एवढी मोकळी जागा दोन शेजारी वस्त्यांच्या मध्ये आली कशी? आणि तिचे आता काय करावे?

बागेची लढाई

गोष्ट सुरू होते ती एका बागेपासून. बहामनी राज्यातून फुटून निघालेल्या मलिक अहमदवर बहामनी सरदार जहांगीर खान चालून आला. भिंगारजवळ त्याच्या फौजेचा तळ होता. २८ मे १४९० रोजी पहाटे मलिक अहमदने बेसावध तळावर छापा घालून ही फौज उधळून लावली. इतिहासकार फिरिश्ता, ज्याचे बालपण नगरच्याच दरबारात गेले, हा विजय ‘बागेचा विजय’ म्हणून ओळखला जात असे असे सांगतो. कारण लढाई झाली त्या जागी मलिक अहमदने बाग लावली आणि वाडा बांधला. या बागेचे नाव बाग निजाम. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, बागेच्या जवळच सीना नदीच्या डाव्या काठावर नव्या शहराची आखणी सुरू झाली.

म्हणजे भिंगार आधीचे, मग बाग, आणि त्यानंतर नगर. गाव आणि शहर यांच्यामध्ये जी पहिली जाणूनबुजून घडवलेली जागा होती ती बाग होती. ती राजाची होती, सर्वांसाठी खुली नव्हती, हे खरे. तरीही रणभूमीची बाग होऊ शकते हे या मातीने पाचशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

तोफेचा पल्ला

बागेभोवती पुढे कोट आला. १५५९ च्या सुमारास हुसेन निजामशहाने त्याच जागी दगडी किल्ला बांधायला घेतला. सुमारे पावणेदोन किलोमीटर परीघ आणि सुमारे ३० मीटर रुंद खंदक असलेला हा भुईकोट आजही उभा आहे.

डोंगरी किल्ला आणि भुईकोट यांतला फरक येथे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे. डोंगरी किल्ल्याला संरक्षण देतो तो कडा. शत्रू खालून वर येताना दिसतो आणि दमतो. भुईकोटाला कडा नसतो. त्याची उणीव दोन गोष्टींनी भरून काढावी लागते, एक खंदक आणि दुसरी मोकळी जागा. खंदकाच्या बाहेर माती भरून ती हळूहळू उतरती करतात. या उताराने तटाचा खालचा भाग शत्रूच्या तोफांपासून झाकला जातो, आणि उतारावरून चढून येणारा शिपाई मात्र तटावरच्या गोलंदाजाला पुरता दिसतो. फळ्यावर एक तट, एक खंदक आणि एक उतार काढून तटाच्या माथ्यापासून पट्टीने रेघा ओढल्या, तर हे कोणालाही पटेल. या रेघांच्या आड येणारे प्रत्येक घर शत्रूला आडोसा देते. म्हणून तेथे घर नको.

याचा प्रत्यय १८०३ मध्ये आला. ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरची पेठ घेतली. ९ तारखेला त्याने किल्ल्याच्या आसपासची जमीन हेरली. भिंगारचे देशमुख रघुरावबाबा यांनी चार हजार रुपये घेऊन पूर्वेच्या बाजूने हल्ला करण्याचा सल्ला दिला, असे जिल्हा गॅझेटियरात नमूद आहे. त्या रात्री तटापासून चारशे यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ३६५ मीटरच्या आत, चार तोफांचा मोर्चा बांधला गेला आणि १२ तारखेला किल्ला पडला. इतक्या जवळ शत्रूला पाय रोवता आले की किल्ल्याचे दिवस भरतात.

वाईट हवा

१८१७ च्या पुणे तहाने किल्ला कायमचा इंग्रजांकडे आला आणि त्याच्या पूर्वेला लष्कराची छावणी वाढली. भिंगारला छावणी नवी नव्हती. १७०७ मध्ये औरंगजेब मरण पावला तोही भिंगारजवळच्या आपल्या तळावरच. पण मोगल तळ उठून जात असे. इंग्रजी छावणी मात्र कायमची होती, आणि शहरापासून दूर राहण्यासाठी तिच्याकडे एक नवीन कारण होते. ते कारण वैद्यकाने पुरवले होते.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमण्यात आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ठिकठिकाणच्या छावण्यांतून प्रश्नावल्यांची उत्तरे मागवून त्यांची छाननी केली. १८६३ मध्ये आलेल्या या अहवालानुसार येथील गोऱ्या सैनिकांत दर हजारी ६९ जण दरवर्षी मरत होते. त्यांतले बहुतेक लढाईत मरत नसून कॉलरा, हगवण आणि तापाने मरत होते.

हे रोग होतात कशाने? त्या काळचे सर्वमान्य उत्तर होते, वाईट हवेने. घाणीतून, दलदलीतून आणि माणसांच्या गर्दीतून विषारी वाफा निघतात आणि वाऱ्याबरोबर पसरतात असे मानले जाई. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. यावर उपाय सरळ होता. छावणी ‘नेटिव्ह’ वस्तीपासून दूर, उंचावर आणि शक्य तर वारा येतो त्या बाजूला ठेवावी. १८६४ मध्ये छावण्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. या अंतरात उठावाची भीती आणि वर्णाचा अहंकारही मिसळलेला होता, हे सांगायला हवे. पण कागदावर कारण दिले जाई ते आरोग्याचे.

स्वच्छ पाणी आणि निचरा यांकडे या चौकशीने लक्ष वेधले, त्याचा लाभ पुढे खरोखरच झाला. पण वाईट हवेची उपपत्ती टिकली नाही. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातून पसरतात हे १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांच्या कलकत्त्यातील कामाने पक्के झाले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी पाहिले. इकडे तोफांचेही तेच झाले. १८६० नंतरच्या आटे पाडलेल्या नळीच्या तोफा काही किलोमीटरवरून मारा करू लागल्या, तेव्हा किल्ल्याभोवती पाचशे मीटर मोकळे ठेवून काय साधणार?

मध्ये रिकामी जागा का हवी, याची तोफेचा पल्ला आणि वाईट हवा ही दोन्ही कारणे एकोणिसावे शतक संपण्याआधीच निकालात निघाली. जागा मात्र राहिली. विज्ञानातील चुकीची कल्पना पाठ्यपुस्तकातून काढून टाकता येते. तिने जमिनीवर ओढलेली रेघ तशी पुसली जात नाही. त्या रेघेला पुढे हद्द, कायदा आणि कारभार चिकटतो. नगरचा कारभार नगरपालिकेकडे आणि २००३ पासून महानगरपालिकेकडे आला, तर भिंगारची नागरी वस्ती छावणीच्या कायद्याखाली राहिली. एकाच रस्त्यावर चालणाऱ्या माणसाने गटाराची तक्रार कोणाकडे करायची, हे त्यामुळे तो कोणत्या दगडाच्या अलीकडे उभा आहे यावर ठरू लागले.

व्हिएन्ना आणि मुंबई

अशीच रिकामी जमीन इतर शहरांतही होती. व्हिएन्नाच्या तटाभोवती चारपाचशे मीटर रुंदीचा मोकळा पट्टा होता. आत दरबारी शहर, बाहेर उपनगरे. सैन्याचा विरोध असतानाही १८५७ च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ योझेफ याने तट पाडण्याचा हुकूम काढला. पट्ट्याचा काही भाग विकून त्या पैशातून सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या, १८६२ मध्ये नगर उद्यान खुले झाले आणि १८६५ मध्ये रिंगस्ट्रास हा वर्तुळाकार हमरस्ता सुरू झाला. सैन्यालाही बराकींसाठी जागा मिळाली. दोन्हीकडची माणसे आता त्याच रस्त्यावर फिरू लागली.

मुंबईचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १८०३ मध्येच तेथील कोटात मोठी आग लागली. त्यानंतर बाहेर नवी वस्ती वाढली, पण मधले एस्प्लनेडचे मैदान तोफांसाठी मोकळे ठेवण्यात आले. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तट पाडले गेले. आजचे ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने त्या एस्प्लनेडचेच तुकडे आहेत.

तट पडले म्हणून मैदान आपोआप सर्वांचे झाले असे मात्र नाही. पारशी आणि हिंदू मुले तेथे क्रिकेट खेळत. गोरे साहेब त्याच जमिनीवर पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडू लागली. १८८१ पासून देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. निर्णय कधी यांच्या बाजूने तर कधी त्यांच्या बाजूने फिरत राहिला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्यावर पुस्तकच लिहिले. पन्नास वर्षांच्या आत याच मैदानावर स्वातंत्र्यलढ्याच्या प्रचंड सभा भरल्या आणि एका तुकड्याला आझाद मैदान हे नाव मिळाले. मोकळी जागा आणि सर्वांची जागा यांत फरक आहे, आणि तो फरक माणसांना झगडून भरून काढावा लागतो.

भिंगारच्या वाटेवर

आता भिंगारकडे परत येऊ. नगरची सगळी लष्करी जमीन खुली करा असे कोणी म्हणणार नाही. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे आणि त्याला जागा लागते. पण दोन वस्त्या जोडण्यासाठी सगळे मैदान लागत नाही. लागतो तो काठ. खंदकाबाहेरची पट्टी, रस्त्याची बाजू, सीनेला मिळणाऱ्या भिंगार नाल्याचे काठ यांतून एक वाट निघू शकते.

या वाटेवर काय हवे? फक्त रस्ता रुंद केला तर माणसे जोडली जात नाहीत, ती एकमेकांच्या बाजूने वेगाने निघून जातात. भेट होण्यासाठी थांबायला निमित्त लागते. नगरसारख्या कमी पावसाच्या मुलखात पहिले निमित्त सावली आणि दुसरे पाणी. निजामशाहीने कापूरवाडीकडून खापरी नळांनी पाणी आणून शहरात हौद भरले होते. हौद ही पाण्याची सोय होती, तशी रोजच्या भेटीचीही. तिसरे निमित्त काम. दोन्हीकडच्या लोकांना ज्याची गरज आहे असे वाचनालय, आठवडे बाजार किंवा खेळाचे मैदान मध्यावर असेल, तर दोन्हीकडून पावले वळतात. संध्याकाळी दिवे असतील तरच तेथे मुली आणि वृद्ध येतील. आणि देखभाल एकाच हाती हवी, नाहीतर दोन कारभारांच्या मध्ये बाकही मोडतो आणि झाडही वाळते.

छावण्यांतील नागरी भाग शेजारच्या पालिकांकडे सोपवण्याचे धोरण केंद्र सरकारने स्वीकारले असून २०२३ मध्ये हिमाचलातील योल येथून त्याची सुरुवात झाली. हद्दीची रेघ कागदावर पुसता येते, एवढे त्यावरून कळते. जमिनीवरची रेघ पुसायला आराखडा लागेल, आणि आराखड्याला आधी निरीक्षण.

ते निरीक्षण शाळा करू शकते. नववीच्या मुलांचे दोन गट करावेत. एक नगरच्या वेशीपासून, दुसरा भिंगारच्या बाजारापासून निघावा. वाटेत दर शंभर पावलांवर नोंद करावी: सावली आहे का, बसायला जागा आहे का, किती माणसे चालत आहेत आणि किती थांबली आहेत, भिंत कोणत्या बाजूला आहे. सार्वजनिक रस्ता सोडू नये आणि लष्करी भागाची छायाचित्रे घेऊ नयेत. दोन्ही नोंदी एका नकाशावर मांडल्या की कोठे कोणीच थांबत नाही ते दिसेल, आणि का थांबत नाही याचे कारणही बहुधा तेथेच लिहिलेले असेल.

दोन्ही गट जेथे भेटतील ती जागा नकाशावर ठळक करावी. मग मुलांना विचारावे, येथे काय असावे? मुलूखमैदान नगरहून जाऊन काही शतके झाली. मैदानाचा धनी ठरवण्याची पाळी आता त्यांची आहे.