टॉयलेटमध्ये कोला, इनो आणि ब्लीच: रीलमधलं काय चालतं, काय जिवावर बेततं?

कमोडमध्ये आधी टॉयलेट क्लीनर, वर बेकिंग सोडा, मग व्हिनेगर आणि शेवटी ब्लीच. रंगीत फेस वर येतो, खाली कमेंट्स पडतात, 'उद्याच ट्राय करते!' करू नका. ब्लीच टाकलं की प्रकरण धोक्याचं होतं.

कमोडमधले पिवळट-तपकिरी डाग बहुतेकदा क्षारांचे असतात. बोअरवेलचं पाणी असेल तर ते लवकर धरतात. क्षार आम्लात विरघळतात, म्हणून हार्पिकसारख्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक आणि कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, पण सौम्य. रात्रभर ठेवलं तर हलके डाग निघतात, जुने नाही.

इनोच्या पुडीत सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतात. पाणी लागलं की ते फसफसून एकमेकांनाच संपवतात. सोडा आणि व्हिनेगरचंही तेच. उरतं जवळपास खारट पाणी. पण फेस झकास दिसतो ना!

आता ब्लीच. त्यात सोडियम हायपोक्लोराइट असतं. गावाकडे पाणी शुद्ध करायला वापरतात ती टीसीएल पावडरही त्याच कुळातली. याला टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर किंवा लिंबू असं कुठलंही आम्ल लागलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला होता तो हाच. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच साचतो, आणि घासणारा माणूस नेमका तिथेच वाकलेला असतो. त्यात आपल्याकडची टॉयलेट्स चिंचोळी, खिडकी वीतभर. काचा पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो. तो ब्लीचमध्ये मिसळला तरी विषारी वायूच तयार होतो.

डोळे चुरचुरले, खोकला सुटला तर लगेच बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. 'एकदा फ्लश करून येते' म्हणत परत आत जाऊ नका. डोळे किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. दम लागत असेल किंवा छाती भरून आली असेल तर थेट हॉस्पिटल गाठा, कारण त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

डाग काढायला एकटा टॉयलेट क्लीनर पुरतो. फक्त तो ओतण्याआधी कमोडमधलं पाणी ब्रशने खाली ढकला, नाहीतर आम्ल पातळ होऊन डाग जागच्या जागी राहतात.